बीजिंगचं ब्राँझ आणि आमची अक्का

शुक्रवार, २८ ऑगस्ट २०१५. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. आपल्याकडे घराघरांत तिला नूल हुण्णिमीही म्हणतात. अक्का राखी बांधायला एक दिवस आधीच बैलहोंगलहून आली होती. कारण साधं होतं. मंगळवार आणि शनिवार हे माझे डायलिसिसचे वार, आणि पौर्णिमा नेमकी शनिवारी आली होती. सुया टोचून घेऊन दमून आलेल्या भावाला ओवाळण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी राखी बांधलेली बरी, असं तिनं ठरवलं. दरवर्षी तिच्या पिशवीत शेंगाहोळगी असायच्या. त्या वर्षी नव्हत्या. शेंगदाणे मला बंद झाले होते.

दिवेलागणीला मी टीव्ही लावला. बीजिंगला जागतिक मैदानी स्पर्धा चालू होत्या आणि पुरुषांच्या एकशे दहा मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. मी हायस्कूलचा क्रीडाशिक्षक. १९९२ पासून मुलांना धावायला, उड्या मारायला शिकवतो. त्यातही हर्डल्स हा माझा जिव्हाळ्याचा विषय. अक्का समोर ताटात पावटे सोलत बसली होती.

"काय बघूलालास रे?" तिनं विचारलं.

"तो तिसऱ्या-चौथ्या पट्ट्यातला नव्हे, त्याच्या बाजूचा बघ," मी म्हणालो. "त्या माणसाच्या किडन्या गेल्यात. चार दिवसांनी ऑपरेशन हाय. बहीण किडनी देणार हाय त्याला."

अक्काच्या हातातला पावटा हातातच राहिला. त्याआधी पाच महिने ती मला किडनी देतो म्हणत होती आणि मी नको म्हणत होतो.

एकशे दहा मीटरचं गणित

ज्यांनी ही शर्यत नुसती टीव्हीवर पाहिली आहे, त्यांना वाटतं की जोरात पळायचं आणि मध्ये आलं ते ओलांडायचं. पण इतकी काटेकोर शर्यत मैदानात दुसरी नाही. दहा अडथळे असतात, प्रत्येकाची उंची १.०६७ मीटर, म्हणजे जुन्या मापानं साडेतीन फूट. सुरुवातीच्या रेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर. पुढे दोन अडथळ्यांमधलं अंतर ९.१४ मीटर, म्हणजे बरोबर दहा यार्ड. शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा १४.०२ मीटरवर.

या दहा यार्डांत धावपटू तीनच पावलं टाकतो. उंच माणसाला ती आखडावी लागतात, बुटक्याला ताणावी लागतात. पाऊल एका विताने जरी चुकलं तरी पुढचा अडथळा जवळ येतो किंवा लांब जातो, आणि ती चूक दहाव्यापर्यंत पाठ सोडत नाही. अडथळ्यावरून उडी मारायची नसते. पुढचा पाय सरळ टाकायचा, अंग मांडीवर वाकवायचं आणि मागचा पाय खुब्यातून बाहेर उघडून बगलेखालून ओढून आणायचा. डोकं वरखाली होता कामा नये. माझ्या मुलांना मी सांगायचो, डोक्यावर पाण्याची घागर आहे असं समजा.

अडथळा पडला तर धावपटू बाद होत नाही. हर्डलचे पाय धावपटूच्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का लागला की ते पुढे कलंडतं. हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने पाडलं तर मात्र बाद. आमच्या शाळेत सुरुवातीला हर्डल नव्हतेच. वेळूच्या काठ्या दोन विटांच्या चवडींवर आडव्या ठेवायच्या आणि फक्कीने रेषा मारायच्या. काठी पायाला लागली की विटा घोट्यावर. त्या भीतीनं मुलं अडथळ्यापाशी येऊन थबकायची, आणि थबकलं की हर्डल्स संपलं. पुढे गावच्या सुताराने लाकडाचे सहा करून दिले. त्यांतले चार अजून आहेत.

आपल्या देशाचा या शर्यतीशी मोठा संबंध एकदाच आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये गुरबचनसिंग रंधावा अंतिम फेरीत पाचवे आले होते. अलीकडे, २०२४ साली, महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले होते.

आठाची सात पावलं

मी अक्काला ज्याच्याकडे बोट दाखवलं तो अमेरिकेचा एरीज मेरिट. २०१२ साली हा माणूस म्हणजे या शर्यतीचा राजा होता. त्याआधी पहिल्या अडथळ्यापर्यंत तो आठ पावलं टाकायचा. २०१२ च्या हंगामासाठी त्यानं ती सात केली. ऐकायला एका पावलाचा फरक. पण आठाची सात केली की सुरुवातीच्या ठोकळ्यांवर पुढचा पाय मागे आणि मागचा पुढे घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्या अडथळ्यावर उलटा पाय येतो. डावखुऱ्याला उजव्या हाताने जेवायला लावण्यासारखंच ते. वर्षानुवर्षांची सवय मोडून तो नव्यानं शिकला.

त्याचं फळ मिळालं. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक, वेळ १२.९२ सेकंद. मग ७ सप्टेंबर २०१२ रोजी ब्रुसेल्सला १२.८० सेकंदांचा जागतिक विक्रम. हा आकडा किती मोठा ते पाहा. १९८१ साली रेनाल्डो नेहेमायाने १२.९३ ची नोंद केली होती. तिथून २००८ मध्ये क्यूबाच्या डेरॉन रोब्लेसने १२.८७ केले, म्हणजे सत्तावीस वर्षांत जगातल्या सगळ्या धावपटूंनी मिळून सहा शतांश सेकंद कमी केले. मेरिटने एका संध्याकाळी सात कमी केले. २०२१ मध्ये ग्रँट हॉलोवे १२.८१ पर्यंत पोचला, पण हे लिहीपर्यंत तो विक्रम कुणी मोडलेला नाही.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत हाच मेरिट १३.३१ सेकंदांत सहावा आला. अंगात त्राण नव्हतं. तपासण्या झाल्या आणि मूत्रपिंडाचा आजार निघाला. फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस असं त्याचं लांबलचक नाव. मूत्रपिंडातल्या ज्या बारीक गाळण्या रक्त गाळतात, त्यांवर वण पडत जातात. मेरिटचा प्रकार आनुवंशिक होता आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये तो जास्त आढळतो. त्यात पार्वो नावाच्या विषाणूनं मूत्रपिंडांबरोबर अस्थिमज्जेवरही घाला घातला. अस्थिमज्जा म्हणजे रक्त तयार होण्याची जागा. तो कित्येक महिने रुग्णालयात होता. पुन्हा धावणं होणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

मूत्रपिंडाचा आजार म्हणजे काय ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. माझा आजार रक्तदाबातून आला. मैदानावरचा माणूस, मला कसलं बीपी, असं म्हणत मी सात-आठ वर्षं गोळ्या घेतल्या-न घेतल्या केल्या. चूक माझीच. मग एक दिवस शिट्टी वाजवायला दम पुरेना. पायांवर सूज, तोंडाला चव नाही, जिना चढला की छातीत धडधड. मूत्रपिंड नुसतं लघवी तयार करत नाही. रक्त वाढवण्याचा निरोप अस्थिमज्जेला तेच धाडतं. ते मंदावलं की रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. अशा अंगानं मला भाजीची पिशवी जड व्हायची. आणि मेरिट बीजिंगला अडथळे ओलांडत होता, तेव्हा त्याची मूत्रपिंडं वीस टक्क्यांहूनही कमी काम करत होती.

बीजिंगची ती संध्याकाळ

ते पक्ष्याच्या घरट्यासारखं स्टेडियम या शर्यतीनं आधी एकदा रडवलेलं होतं. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये चीनचा लाडका लिऊ शियांग याच मैदानावर पहिल्याच फेरीत टाचेच्या दुखण्यामुळे न धावता परत फिरला होता, आणि नव्वद हजारांचं स्टेडियम सुन्न झालं होतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्यामुळे या अंतिम फेरीत घरचा नायक नव्हता.

मेरिटने उपांत्य फेरीत १३.०८ ची वेळ दिली होती, वर्षातली त्याची सर्वांत चांगली. मला वाटलं, झालं, आता अंगातलं सगळं संपलं असणार. डायलिसिसच्या आदल्या दिवशी माझी काय गत होते ते मला ठाऊक होतं. अंतिम फेरीची बंदूक वाजली. तेरा सेकंदांत काय दिसणार? दहा वेळा आठ माणसांचे पाय एकदम वर आले, दहा वेळा खाली गेले, एक-दोन हर्डल आडवे झाले. रशियाचा सर्गेई शुबेन्कोव्ह पहिला, १२.९८. जमैकाचा हॅन्सल पार्चमेंट दुसरा, १३.०३. आणि तिसरा मेरिट, १३.०४. उपांत्य फेरीपेक्षाही चांगली वेळ. रुपेरी पदक एका शतांशानं हुकलं.

मी उभा राहिलो होतो ते मला नंतर कळलं. अक्का पडद्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "तिसरा आला तर एवढा कशाला नाचूलालास?"

मी तिला सगळं सांगितलं. बहीण त्याच्याहून मोठी, नाव लटोया हबर्ड. मंगळवारी, १ सप्टेंबरला, दोघांना ॲरिझोनातल्या मेयो क्लिनिकमध्ये शेजारशेजारच्या खोल्यांत नेणार. अक्कानं ताट बाजूला ठेवलं.

"ते पोर घेऊलालंय की," ती म्हणाली. "तुला काय झालंय घ्यायला?"

द्यायचं कुणी?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडावर आणण्यासारखं नव्हतं. आज लिहितो.

घरात किडनी कोण देणार हा विषय निघाला तेव्हा पत्नी पहिली पुढे झाली. तिचा रक्तगट जुळला नाही. आई म्हातारी, ती प्रश्नच नव्हता. उरलो आम्ही भावंडं. धाकटा भाऊ फाउंड्रीत कामाला, दोन लहान मुलं. त्याचं रक्त तपासायला चला असं कुणी म्हटलं नाही, आणि तोही काही म्हणाला नाही. आई एकदा चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "त्येची पोरं ल्हान हायत रे." अक्काची मुलगी तेव्हा बारावीला होती. तिचं नाव आईनं घेतलं नाही.

डायलिसिसच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मी वर्षभर बसलो. तिथे आत पुरुष आणि बाहेर बायका असं चित्र मी रोज पाहिलं. देणारी बायको, देणारी आई, देणारी बहीण. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका फार जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे तज्ज्ञही सांगतात. मी शाळेत मुलींनाही हर्डल्सला उभं केलं म्हणून एके काळी पालकांशी भांडलेला माणूस. आणि माझ्याच घरात न बोलता, न ठरवता, पाळी बहिणीवर आली होती. म्हणून मी नको म्हणत होतो. त्यात मोठेपणा थोडा होता, आणि अहंकारही होता. जन्मभर कुणाचं ऋण डोक्यावर नको, हा तो अहंकार.

दुसरी भीती होती ती तिच्या सासरची. अक्काचं घर कन्नड. तिची सासू कडक, मोजकं बोलणारी बाई. मी मनाशी धरून चाललो होतो की ती परवानगी देणार नाही, आणि खरं सांगायचं तर माझी त्यात सोयच होती. पंचमीला मी अक्काला आणायला गेलो तेव्हा म्हातारी पडवीत बसली होती. माझ्यादेखत ती सुनेला म्हणाली, "तम्मगल्लदं इन्यारिगि कोडतीयव्वा?" धाकट्या भावाला नाही तर आणखी कुणाला देणार, असा तिचा सवाल. मग माझ्याकडे वळून, पाय सुजलेले बघून, आत जाऊन पाट आणला आणि पाय वर ठेवून बस म्हणाली. ज्या घराला मी परकं समजत होतो त्या घरानं मला तोवर नकाराचं एकही कारण ठेवलं नव्हतं.

बीजिंगच्या त्या रात्री जेवताना मी हो म्हणालो. शर्यत पाहून मन पालटलं असं काही नाटकासारखं झालं नाही. मन बहुधा आधीच पालटलेलं होतं, ते तोंडातून निघायला निमित्त हवं होतं.

ही तुमची बहीण कशावरून?

मग सुरू झाले आमचे खरे अडथळे. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा चांगला आहे. किडन्यांचा बाजार होऊ नये म्हणून देणारा जवळचा नातेवाईक आहे का, त्याच्यावर दडपण आहे का, हे तपासलं जातं. भाऊ-बहीण हे जवळच्या नात्यात येतात. फक्त ते भाऊ-बहीण आहेत हे सिद्ध करावं लागतं.

आता सीमाभागातल्या बाईची कागदपत्रं डोळ्यांसमोर आणा. शाळेचा दाखला मराठीत, त्यावर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव. लग्नात नाव बदललं, म्हणून रेशनकार्डावर वेगळंच पहिलं नाव, मधे नवऱ्याचं नाव, लिपी कन्नड. मतदार ओळखपत्रावर त्या नावाचं तिसरंच स्पेलिंग. जन्माची नोंद नाही, कारण बाळंतपण घरी झालं. एका कार्यालयात मराठी दाखल्याचं भाषांतर आणा म्हणाले, दुसऱ्यात ते भाषांतर कुणी केलं ते सिद्ध करा म्हणाले. एका टेबलावरच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवून सरळ विचारलं, "ही तुमची बहीण कशावरून?" मी काही बोलणार तोच अक्काने त्याच्यापुढे आमचा लहानपणीचा फोटो ठेवला. तिच्या कडेवर मी, नाक वाहत असलेला. त्यानं फोटो पाहिला आणि प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाला.

शेवटी रक्तानेच साक्ष दिली. ऊती जुळतात का ते पाहणारी एक तपासणी असते. एकाच आईबापाच्या दोन मुलांचं तिच्यात पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आमचं निम्मं जुळलं. डॉक्टर म्हणाले, एवढं पुरे आहे, आणि नात्याचा पुरावाही मिळाला.

समितीपुढे अक्काला एकटीला आत बोलावलं. कुणी जबरदस्ती करतंय का, पैसे देतंय का, असं कन्नडमधून विचारलं. तिनं काय सांगितलं ते तिनंच मला नंतर सांगितलं. "नन्न तम्म री. नन्न कैयाग बेळदानरी." माझ्या हातात वाढलाय तो. पुढे कुणी काही विचारलं नाही म्हणे.

मार्च २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पुष्कळांना वाटतं की खराब किडन्या काढून तिथे नवी बसवतात. तसं सहसा नसतं. जुन्या जागेवरच राहतात आणि नवी ओटीपोटात पुढच्या बाजूला, खुब्याच्या हाडाच्या आधारानं जोडतात. माझ्या अंगात आज तीन आहेत, त्यांतली एक काम करते, ती अक्काची.

एक शतांश

मेरिटची वाट मी बिछान्यावरून पाहत होतो. प्रत्यारोपणानंतर त्याला दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं होतं. हर्डलपटूला दर अडथळ्यावर अंग मांडीवर घडी घालावं लागतं, आणि नवं मूत्रपिंड असतं नेमकं त्याच घडीत. तरी जुलै २०१६ मध्ये तो युजीनला अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीच्या अंतिम फेरीत उभा राहिला. पहिले तीन रिओला जाणार होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याची वेळ १३.२१. मेरिटची १३.२२. तो चौथा आला. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मला त्या रात्री झोप आली नाही. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये लंडनला, ज्या मैदानावर त्यानं सुवर्णपदक घेतलं होतं तिथेच, जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो पाचवा आला. वेळ १३.३१, बरोबर मॉस्कोएवढी. चार वर्षांपूर्वी स्वतःची मूत्रपिंडं खचत असताना जी वेळ, तीच आता बहिणीच्या मूत्रपिंडावर. आणि त्या शर्यतीत जमैकाच्या ओमर मॅकलाउडने सुवर्णपदक घेतलं ते १३.०४ सेकंदांत. २०२१ ला टोकियोत पार्चमेंट ऑलिंपिक विजेता झाला, त्याची वेळही १३.०४. मेरिटने बीजिंगला ब्राँझ घेतलं तीच ही वेळ.

त्या पार्चमेंटचीही एक गोष्ट आहे. टोकियोत उपांत्य फेरीच्या दिवशी तो चुकीच्या बसमध्ये बसून भलत्याच मैदानावर गेला. तिथल्या एका स्वयंसेविकेनं टॅक्सीचे पैसे दिले म्हणून तो वेळेवर पोचला. सुवर्णपदक मिळाल्यावर तो तिला शोधत गेला, पदक दाखवलं, पैसे परत केले. आणि बीजिंगचा विजेता शुबेन्कोव्ह? त्याची आई नताल्या १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनमध्ये चौथी आली होती. सात प्रकारांची ती स्पर्धा, त्यात हर्डल्सही असतात. निकालाच्या तक्त्यात मात्र आठ नावं आणि आठ वेळा असतात. आई, बहीण, टॅक्सीचे पैसे देणारी मुलगी यांच्यासाठी त्यात रकाना नसतो.

दोन फायली

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती माझ्या विरुद्ध जाते.

ऑपरेशननंतर मी सगळ्यांचा लाडका झालो. गल्लीत, शाळेत, बाजारात माणसं थांबवून विचारायची, सर, आता कसं वाटतं? पहिलं वर्ष मी दर महिन्याला तपासणीला जायचो, नंतर दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन, साखर, औषधाची रक्तातली पातळी, सगळं एका जाड फायलीत लावलेलं. अक्का पाचव्या दिवशी घरी गेली. तीन महिने जड उचलू नको असं सांगितलं होतं, पण दीड महिन्यात घागर तिच्या कमरेवर होती. तिला कुणी काही विचारलं नाही. देणाऱ्यानेही दर वर्षी रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासायची असते, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. मी दर वर्षी मेरिटच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या, पण अक्काचा रक्तदाब मला ठाऊक नव्हता.

२०१९ मध्ये तिच्या गावात आरोग्य शिबिर झालं. तिथे तिचा रक्तदाब १७० निघाला. भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मी मैदानावर होतो. हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं. ज्या वाटेनं मी गेलो त्याच वाटेवर ती एका मूत्रपिंडावर उभी होती, आणि दुसरं माझ्याजवळ होतं.

वेळेत कळलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि तिच्या बाबतीत घेतल्या-न घेतल्या चालणार नव्हतं. राहिलेलं मूत्रपिंड चांगलं काम करतं असं अहवाल सांगतात. देणाऱ्याचं उरलेलं मूत्रपिंड थोडं मोठं होऊन जास्तीचं काम अंगावर घेतं. धाकटा भाऊ आता तिला गाडीवरून दवाखान्यात आणतो. तो काही बोलत नाही, पण वार चुकवत नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं एकाच दिवशी तपासणीला जातो, नूल हुण्णिमीच्या आसपास. काउंटरवर दोन फायली ठेवतो. एकीवर माझं नाव, दुसरीवर तिचं सासरचं. आडनावं वेगळी, गावं वेगळी. गेल्या खेपेला नव्या मुलीनं विचारलं, "तुम्ही दोघं एकत्र आहात?"

अक्का म्हणाली, "हां. आधी माझी फाईल घे."